कपाटातले भिंग: डाळिंबाचे पेर, पुण्यातील सूक्ष्मदर्शक आणि सोलापूरची दोन खेपांची कहाणी

सोलापुरातील एका महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागातून डाळिंबाच्या कोवळ्या फांद्यांचे बारा तुकडे पुण्यातील एका संशोधन संस्थेत, तिथेच बांधलेल्या एका सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी नेले गेले, आणि पहिल्या खेपेला त्यांतील एकाचेही उपयोगी पडेल असे चित्र हाती आले नाही. सहा आठवड्यांनी तीच विद्यार्थिनी, त्याच यंत्रावर, त्याच पद्धतीने वाढवलेल्या रोपांचे आठ तुकडे घेऊन गेली आणि त्यांतील पाचांची स्वच्छ त्रिमितीय चित्रे मिळाली. या दोन खेपांच्या मधल्या काळात काय बदलले, याची ही नोंद आहे. मी तिची मार्गदर्शक आहे, त्यामुळे पहिल्या खेपेच्या अपयशात माझा वाटा आहे आणि तो मी इथे झाकलेला नाही. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण जे घडले ते तिथल्या कोणाच्या हलगर्जीपणामुळे घडले नाही. सामायिक सुविधा उभारताना एक गोष्ट आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हिशेबात धरली जात नाही, तिच्यामुळे ते घडले.

प्रश्न कोणता होता

सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर या पट्ट्यात डाळिंब लावणाऱ्याला तेल्या रोग समजावून सांगावा लागत नाही. झान्थोमोनास गटातला जिवाणू पर्णरंध्रांतून किंवा जखमेतून आत शिरतो, पानावर तेलकट दिसणारे डाग पडतात, फळावर डाग येऊन ते तडकते, आणि पेरावर काळा डाग धरला की फांदी तिथूनच मोडते. सोलापूरजवळ केगाव येथे २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, ते या पिकाच्या महत्त्वामुळेच. शेतकऱ्याला छाटणीच्या वेळी एकच गोष्ट जाणून घ्यायची असते: डाग इथे दिसतो आहे, तर कात्री त्याच्या किती खाली लावायची? म्हणजेच डोळ्यांना दिसणाऱ्या डागाच्या पलीकडे जिवाणू पेराच्या आत कुठवर आणि कोणत्या ऊतीतून गेलेला असतो?

विद्यार्थिनीचा पीएच.डी.चा विषय हाच होता. संस्थात्मक जैवसुरक्षा समितीची परवानगी घेऊन, बंद कक्षातील कुंड्यांमध्ये वाढवलेल्या रोपांवर हिरवी प्रतिदीप्ती देणारे, म्हणजे लेसरचा प्रकाश पडला की स्वतः हिरवे चमकणारे, प्रथिन बसवलेला जिवाणू सोडायचा, ठरावीक दिवसांनी पेर कापायचे आणि आत तो हिरवा प्रकाश कुठे दिसतो ते पाहायचे, अशी आखणी होती. अडचण जाडीची होती. नेहमीच्या कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकावर लेसरचा एक बिंदू नमुन्यावरून ओळीओळीने फिरतो. पेराचा एक मिलिमीटर जाडीचा काप त्याने खालपर्यंत पाहायचा म्हटले तर तासन्‌तास लागतात, आणि वरचा थर पाहत असतानाही खालच्या सगळ्या थरांवर लेसर पडतच राहतो. त्यामुळे खोलवर पोहोचेपर्यंत तिथली प्रतिदीप्ती फिकी पडलेली असते.

लाइट-शीट सूक्ष्मदर्शकात हे गणितच बदलते. प्रकाश वरून न सोडता बाजूने सोडतात, तोही पातळ पसरून. आमच्या गावाच्या भाषेत सांगायचे तर प्रकाशाची चादर करून. त्या चादरीत नमुन्याचा जो एक थर येतो तेवढाच उजळतो आणि कॅमेरा त्याच्याशी काटकोनात बसून तो संपूर्ण थर एका झटक्यात टिपतो. बाकीचे थर अंधारात असल्यामुळे सुरक्षित राहतात. बाजूने प्रकाश टाकण्याची कल्पना जुनी आहे. झीडेनटोप्फ आणि झिगमोंडी या शास्त्रज्ञांनी १९०२-०३ च्या सुमारास काचेतील सोन्याचे अतिसूक्ष्म कण तसेच पाहिले होते. जीवशास्त्रात ती नव्या रूपात रुजली ती २००४ मध्ये, जर्मनीतील हायडेलबर्ग येथील युरोपीय रेण्वीय जीवशास्त्र प्रयोगशाळेत, अर्न्स्ट स्टेल्झर यांच्या गटाकडून. २०१३ मध्ये ड्रेस्डेन येथील गटाने ओपनस्पिम नावाने अशा यंत्राचा आराखडा, सुट्या भागांची यादी आणि आज्ञावली सर्वांसाठी खुली केली, आणि त्यानंतर ज्याच्याकडे ऑप्टिकल टेबल, लेसर आणि चिकाटी आहे त्या तरुण संशोधकाला असे यंत्र स्वतः बांधणे शक्य झाले.

पुण्यातील यंत्र असेच एका संशोधक विद्यार्थ्याने माशाच्या भ्रूणांसाठी बांधलेले होते. पदवी घेऊन तो परदेशी गेल्यावर संस्थेने ते मोडीत न काढता आपल्या सामायिक सुविधा केंद्रात ठेवले आणि बाहेरच्या संशोधकांसाठी खुले केले. हा निर्णय मला आजही कौतुकाचा वाटतो. स्वतः बांधलेली अशी किती तरी यंत्रे बांधणाऱ्याबरोबरच निवृत्त होतात.

पहिली खेप

अर्जात नमुन्याचे नाव, प्रतिदीप्तीचा रंग, लागणारे तास आणि पैसे कुठून येणार एवढे विचारले होते. आम्ही ते भरले. पैशाच्या रकान्यावर मात्र आमच्याकडेच गाडी अडली. महाविद्यालयाच्या लेखा विभागाने नियमाप्रमाणे तीन ठिकाणची दरपत्रके मागितली. जे यंत्र बाजारातून विकत न घेता एका विद्यार्थ्याने हाताने बांधले आहे, त्याची दुसरी आणि तिसरी दरपत्रके आणायची कुठून? शेवटी प्राचार्यांच्या सहीने ‘एकमेव उपलब्ध सुविधा’ असे प्रमाणपत्र जोडले तेव्हा मंजुरी आली. यात महिना गेला आणि या महिन्यात नमुन्यांविषयी आमचे पुण्याशी एकदाही बोलणे झाले नाही. आज मागे वळून पाहता, सर्वांत मोठी चूक तीच होती. कागद पुढे सरकत होता म्हणून काम पुढे सरकते आहे असे आम्ही धरून चाललो.

पेराचे काप फॉर्मल्डिहाइडमध्ये स्थिर करून, धुऊन, क्लिअरसी नावाच्या द्रावणात ठेवले होते. यूरिया, झायलिटॉल आणि सोडियम डिऑक्सिकोलेट यांचे हे द्रावण जपानी संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. ते हरितद्रव्य काढून टाकते, ऊती पारदर्शक करते आणि हिरवे प्रथिन शाबूत ठेवते. रोगजनक जिवाणू जिवंत अवस्थेत प्रवासात नेण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणूनही हा मार्ग निवडला. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने घट्ट बंद केलेल्या नळ्या घेऊन आम्ही दोघी पुण्याला गेलो.

त्या दिवसाचे चित्र मनातून जात नाही. काळ्या पडद्याआड टेबल, टेबलाच्या मध्यावर काड्यापेटीएवढी पाण्याची कुपी, आणि सभोवतीच्या आरशांवर व स्क्रूंवर चिकटपट्टीचे तुकडे, त्यांवर पेनाने लिहिलेले: ‘हलवू नका’, ‘फक्त अर्धा फेरा’, ‘आधी विचारा’. विचारायचे कोणाला, तर जो हजारो मैलांवर होता त्याला. तंत्र अधिकारी सर अतिशय समजूतदार होते. बांधणाऱ्याने जाताना दिलेली तीन पानी टिपणे त्यांच्याजवळ होती आणि माशाच्या भ्रूणांसाठी ते यंत्र सफाईने चालवत. पण भ्रूण आगार या जेलीसारख्या पदार्थाच्या बारीक कांडीत घालून काचेच्या नळीतून लोंबता सोडतात. आमचा काप चपटा होता, तो नळीत जाईना. शेवटी तो सुईच्या टोकाला चिकटवून कुपीत सोडला.

पडद्यावर दुधासारखे धुके आले. तुकडा खाली-वर केला, लेसर वाढवला, तरी धुकेच. मधूनमधून काळी, गोल, कडेने चमकणारी वर्तुळे दिसत. पाचव्या तुकड्यानंतर सरांनी विचारले, “मॅडम, हे नमुने तुम्ही कशात ठेवले आहेत? आमच्या कुपीत नुसतं पाणी असतं.” त्या एका प्रश्नात बरेच काही होते. पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश आत शिरताना किती वाकतो ते सांगणारा आकडा, १.३३ आहे, क्लिअरसीचा त्याहून बराच जास्त. पारदर्शक झालेला तुकडा पाण्यात गेला की त्याच्या पृष्ठभागावर प्रकाशाची चादर वाकते आणि कॅमेऱ्याकडे परतणारा प्रकाशही विस्कटतो. काळी वर्तुळे म्हणजे ऊतींमध्ये अडकलेली हवा. त्यात डाळिंब टॅनिनने, म्हणजे तुरट द्रव्यांनी, भरलेले झाड. काप तपकिरी पडले होते आणि त्या तपकिरीपणाची स्वतःची चमक जिवाणूच्या हिरव्या चमकेत मिसळत होती. दिवस संपला. नऊ तासांचे शुल्क भरून, रिकाम्या हार्ड डिस्कसह संध्याकाळच्या गाडीने आम्ही परत निघालो. कुर्डुवाडी येईपर्यंत ती मुलगी एक शब्द बोलली नाही.

मधले सहा आठवडे

प्रकरणाचा गाभा इथे आहे. परतल्यावर चौथ्या दिवशी सुविधा केंद्राच्या प्रमुख शास्त्रज्ञ मॅडमचा फोन आला. वापर नोंदवहीत ‘उपयुक्त प्रतिमा: शून्य’ असा शेरा त्यांनी वाचला होता आणि काय चुकले ते त्यांना समजून घ्यायचे होते. त्यांनी दुसरी वेळ देऊ केली नाही. आधी सोलापुरातच तीन गोष्टी करून दाखवा, मग वेळेचे बोलू, असे त्यांचे म्हणणे होते.

पहिली गोष्ट हवेची. फॉर्मल्डिहाइडमध्ये टाकलेला ताजा काप तरंगतो, कारण पेशींमधल्या पोकळ्यांत हवा असते. निर्वात पंपाखाली बरणी ठेवून हवा हळूहळू ओढली की कापाच्या कडांमधून बारीक बुडबुड्यांच्या माळा निघतात. दाब सावकाश पूर्ववत केला की रिकाम्या झालेल्या जागी द्रव शिरतो आणि काप तळाशी जातो. हे दोन-तीनदा करावे लागते. “बुडला नाही तो तुकडा पुण्याला आणायचा नाही,” एवढाच नियम मॅडमनी सांगितला आणि तो कोणालाही समजेल असा होता. आमच्या विभागात निर्वात पंप होता. तो दुसऱ्याच कामासाठी घेतलेला असल्यामुळे या कामी आम्ही तो कधी लावला नव्हता.

दुसरी गोष्ट तपकिरीपणाची. २०२१ मध्ये याच द्रावणात सोडियम सल्फाइट घालण्याची सुधारणा प्रसिद्ध झाली आहे. त्यामुळे टॅनिनसारख्या फिनॉलवर्गीय द्रव्यांचे ऑक्सिडीकरण रोखले जाऊन ऊती तपकिरी पडत नाहीत. नव्या द्रावणात काप दोन आठवड्यांहून अधिक काळ ठेवले, दर दोन-तीन दिवसांनी द्रावण बदलले, आणि बशीखालच्या छापील कागदावरची अक्षरे कापातून वाचता येऊ लागली तेव्हा फोटो काढून पाठवला.

तिसरी गोष्ट भिंगाची, आणि ती आम्हाला करायची नव्हती. मॅडमनी परदेशातील त्या बांधणाऱ्याशी व्हिडिओ कॉल लावला आणि आम्हालाही त्यात घेतले. त्याने आमचा प्रश्न ऐकला आणि क्षणभर थांबून सांगितले की निरनिराळ्या अपवर्तनांकांच्या द्रवांत बुडवता येईल असे भिंग त्याने तिथे असताना मागवून ठेवले होते. खोलीतल्या लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात, निळ्या डब्यात असेल. सरांनी कॉल चालू असतानाच कपाट उघडले. डबा तिथेच होता. आम्ही पहिल्या दिवशी धुके पाहत बसलो होतो तेव्हाही तो आमच्यापासून चार पावलांवर होता. ते भिंग बसवायचे तर कॅमेरा थोडा मागे सरकवावा लागतो आणि कुपीही बदलावी लागते, हेही त्याने सांगितले. त्याच्या तीन पानी टिपणांत यातले काहीच नव्हते, कारण माशांसाठी त्याची गरज नव्हती.

राहिला तुकडा धरण्याचा प्रश्न. मॅडमनी मापे पाठवली आणि पुण्यातच त्रिमितीय छपाईने चौकट करून घेऊ म्हणाल्या. विद्यार्थिनीचे म्हणणे पडले की हे तर आपल्याकडेच होईल. पूर्व भागात यंत्रमागाचे सुटे भाग करणारे एक लेथवाले काका आहेत. ती कागदावरची आकृती घेऊन त्यांच्याकडे गेली, मीही बरोबर होते. त्यांनी आकृती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, “लूमचा पार्ट केसाएवढा चुकला की धागा तुटतोय बघा मॅडम. ह्यात काय अवघड हाय?” दोन दिवसांनी स्टेनलेस स्टीलची नखाएवढी चौकट मिळाली, एका बाजूला काप सरकवायची खाच, वर यंत्राच्या दांड्यात बसणारा दट्ट्या. लेसर चमकून परतू नये म्हणून तिला मंद काळा रंग दिला. त्याआधी तो रंग द्रावणात विरघळतो का हे पाहण्यासाठी रंगवलेला एक तुकडा आठवडाभर क्लिअरसीत ठेवला होता.

दुसरी खेप

या वेळी दोन दिवस मिळाले. पहिल्या दिवशी एकही नमुना लावला नाही. भिंग बदलणे, कॅमेरा सरकवणे, आणि मग जेलमध्ये विखुरलेले अतिसूक्ष्म चमकते मणी पाहून चादर आणि कॅमेऱ्याचे प्रतल जुळवणे यातच संध्याकाळ झाली. मणी ताऱ्यासारखा पसरलेला दिसला की जुळणी चुकली आहे, नेटका ठिपका दिसला की बरोबर. या दिवसाचे शुल्क मॅडमनी आकारले नाही, कारण त्यांच्या मते जुळणी हे सुविधा केंद्राचेच काम होते. मला हा निर्णय धोरण म्हणून महत्त्वाचा वाटतो. अपयशी किंवा पूर्वतयारीच्या दिवसाचा सगळा भार बाहेरून येणाऱ्यावर टाकला, तर लहान महाविद्यालय दुसऱ्यांदा येतच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला काप खाचेत सरकवला आणि पडद्यावर पेराच्या पेशींच्या भिंती निळ्या जाळीसारख्या उमटल्या. पेशीभित्तिकांना चिकटणारा रंग आधीच दिला होता. थर एकामागून एक सरकू लागले. डागाच्या कडेपाशी, पेशींच्या मधल्या जागांमध्ये हिरवे पुंजके होते. एकेकटा जिवाणू वेगळा दिसावा इतकी बारकाई या भिंगात नाही, पण पुंजके कुठे आहेत आणि कुठे संपतात हे स्पष्ट दिसत होते. पाच कापांवरून छाटणीचा सल्ला देता येत नाही आणि आम्ही तो देत नाही. विचारलेला प्रश्न या पद्धतीने सोडवता येण्याजोगा आहे, एवढे मात्र नक्की झाले.

आठांपैकी दोन काप प्रवासात चुरगळले होते. एकात हवा राहिली होती. तो बुडल्यासारखा दिसला होता, प्रत्यक्षात बरणीच्या तळाला चिकटला होता.

माहितीच्या आकाराचे आधी गणित मांडले होते ते उपयोगी पडले. २०४८ गुणिले २०४८ बिंदूंचे १६ बिटांचे एक चित्र सुमारे ८ मेगाबाइटचे. एक मिलिमीटर जाडीत एकेका मायक्रॉनवर थर घेतले तर हजार चित्रे, म्हणजे ८ गिगाबाइट. दोन रंगांचे १६. डागाकडची बाजू पूर्ण यावी म्हणून सहा ठिकाणी तेच, म्हणजे एका कापामागे सुमारे १०० गिगाबाइट. महाविद्यालयाच्या इंटरनेटवरून हे मागवणे शक्य नव्हते, म्हणून दोन हार्ड डिस्क नेल्या आणि दोन्हींवर प्रत घेतली. विभागातल्या संगणकाची स्मृती ८ गिगाबाइट. फिजी या मोफत आज्ञावलीतील व्हर्च्युअल स्टॅकची सोय वापरली की चित्रे डिस्कवरूनच एकेक करून उघडतात आणि संगणक बंद पडत नाही. तुकडे जोडण्याचे जड काम पुण्याच्या संगणकावर दुरून करायची परवानगी मिळाली.

यंत्र सोलापुरात का नको

विभागाच्या बैठकीत हा प्रश्न आला आणि तो रास्त होता. माझे उत्तर सध्या नकाराचे आहे. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर जातो, खोलीचे तापमान दोन-तीन अंशांनी हलले तरी आरशांची जुळणी हलते, विजेचा दाब सारखा नसतो, आणि यंत्रमागांच्या वस्तीजवळची इमारत असेल तर जमिनीची थरथर टेबलापर्यंत पोहोचते. यांवर पैसे खर्चून उपाय करता येतात. पण ते यंत्र रोज जुळवणारे माणूस पगारी पदावर नसेल तर दोन वर्षांत त्यावर कापड पडते, हे मी दुसऱ्या एका महागड्या उपकरणाच्या बाबतीत जवळून पाहिले आहे.

जगात यावर निरनिराळे मार्ग काढले गेले आहेत. अमेरिकेतील जनेलिया संशोधन संकुलात प्रगत प्रतिमांकन केंद्र आहे. बाजारात येण्याआधीचे सूक्ष्मदर्शक तिथे निवडलेल्या संशोधकांना विनाशुल्क वापरायला मिळतात आणि शेजारी तज्ज्ञ बसलेला असतो. यान हुइस्केन हे २००४ च्या त्या कामातले संशोधक; त्यांच्या गटाने फ्लेमिंगो नावाचे सुटसुटीत लाइट-शीट यंत्र तयार केले, जे पेटीत घालून संशोधकाच्या प्रयोगशाळेत पाठवता येते. आपल्याकडेही विद्यापीठांत आणि आयआयटींमध्ये उपकरणे वाटून वापरण्याची परंपरा काही दशकांची आहे, आणि २०२० मध्ये सुरू झालेल्या आय-स्टेम या राष्ट्रीय संकेतस्थळावर देशभरातील उपकरणांची नोंद व वेळ-आरक्षण होते. यंत्र कुठे आहे हे त्यामुळे कळते. कपाटात कोणते भिंग आहे हे कळण्यासाठी माणूस लागतो, आणि सुविधांच्या अनुदानात उपकरणासाठी रकाना असतो तसा या माणसासाठी कायमचा रकाना असायला हवा, ही या प्रकरणातून माझी मुख्य मागणी आहे.

सोलापुरात मला हवी आहे ती नमुना तयारीची खोली: निर्वात पंप, रसायनांची वाफ बाहेर ओढणारे धुराडे, प्रतिदीप्ती दाखवणारा साधा फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शक, आणि पुण्याच्या केंद्रात महिनाभर राहून शिकून आलेला एक तंत्रज्ञ. शहरातल्या चार-पाच महाविद्यालयांनी ती मिळून चालवली तर कोणावरच फार भार पडणार नाही.

पुण्याच्या केंद्राने अर्ज बदलला आहे. नमुना कोणत्या द्रवात आहे, किती जाड आहे, बुडतो का, असे प्रश्न त्यात आले आहेत आणि अर्ज आल्यावर पंधरा मिनिटांचा कॉल सक्तीचा केला आहे. व्हिडिओ कॉलवर बांधणाऱ्याने सांगितलेले सगळे विद्यार्थिनीने मराठीत आणि इंग्रजीत लिहून, छायाचित्रांसह त्यांना दिले. ती आता टिपणांची बारा पाने झाली आहेत. आमचे पुढचे काप मृग बहाराच्या पावसाळ्यात तयार होतील.

चौकट आम्ही तिथेच ठेवून आलो. गेल्या महिन्यात सरांचा निरोप आला की द्राक्षाच्या काडीवर काम करणाऱ्या एका गटाला ती हवी आहे, पण काडीचा काप जाड असल्यामुळे खाच अर्धा मिलिमीटर अधिक रुंद लागेल. आकृती दुरुस्त करून काल काकांकडे दिली आहे.